९९ टक्के पाडली म्हणजे नक्की किती पाडली?

ज्यांना ऐकायला वेळ नाही, लोकलमध्ये नेट जातं, किंवा आवाज चालू करता येत नाही, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून दिलाय. बोलताना आलेले 'अं', 'म्हणजे' गाळलेत. बाकी बऱ्यापैकी तसंच आहे.

आजचा प्रश्न बऱ्याच जणांनी विचारलाय. बॅलिस्टिक क्षेपणास्त्र हवेत पाडता येतं का, आणि येत असेल तर किती खात्रीने?

१४ एप्रिल २०२४ ची सकाळ आठवा. रविवार होता. फोन उघडला तर सगळीकडे एकच बातमी: इराणने रात्रीतून इस्रायलवर तीनशेहून जास्त ड्रोन आणि क्षेपणास्त्रं सोडली, आणि त्यातली ९९ टक्के पाडली गेली. सोबत आकाशात ठिणग्या उडण्याचा व्हिडिओ आणि खाली 'आयर्न डोमची कमाल'. मग आला १ ऑक्टोबर २०२४. त्या रात्री इराणने पुन्हा हल्ला केला. या वेळचे व्हिडिओ मात्र वेगळेच होते. तेजस्वी रेषा एकामागून एक खाली येतायत आणि थेट जमिनीवर आदळतायत. नंतर उपग्रहाचे फोटो आले, त्यात नेवातिम या एकाच हवाई तळावर तीसहून जास्त ठिकाणी आघाताच्या खुणा मोजल्या गेल्या.

साडेपाच महिन्यांत असं काय बिघडलं? देश तोच, यंत्रणा त्याच, समोरचा शत्रूही तोच.

माझं उत्तर असं आहे की फारसं काही बिघडलं नव्हतं. पहिल्या वेळचे ९९ टक्के हे आपल्याला वाटले त्या गोष्टीचे टक्के नव्हतेच.

आधी आयर्न डोमचा गैरसमज काढून टाकू

आयर्न डोम ही जवळून येणाऱ्या रॉकेटांसाठीची यंत्रणा आहे. साधारण ४ ते ७० किलोमीटरवरून सुटलेली रॉकेटं, म्हणजे गाझातून किंवा दक्षिण लेबनॉनमधून येणारी. इराणमधून येणारं बॅलिस्टिक क्षेपणास्त्र हे वेगळंच प्रकरण आहे. त्याच्यासाठी इस्रायलकडे ॲरो नावाची यंत्रणा आहे, आणि अमेरिकेने तिथे तैनात केलेली थाड. फॉरवर्डमध्ये सगळ्याला सरसकट आयर्न डोम म्हणतात, ते आजपासून बंद करूया.

बॅलिस्टिक म्हणजे काय, तर दगड भिरकावतो तसं. सुरुवातीची एक-दोन मिनिटं इंजिन ढकलतं, मग इंजिन बंद. पुढचा सगळा प्रवास फेकलेल्या दगडासारखा, फक्त हा दगड वातावरणाच्याही वर जातो आणि तिथून खाली कोसळतो. इराण ते इस्रायल हे अंतर तो दहा-बारा मिनिटांत कापतो. खाली येताना वेग सेकंदाला तीन किलोमीटरच्या आसपास. मुंबई-पुणे अंतर पन्नास सेकंदांत. इकडून त्याच्यावर दुसरं क्षेपणास्त्र सोडायचं, तेही तितक्याच जबरदस्त वेगाचं, आणि दोघांची गाठ आकाशात नेमक्या एका बिंदूवर पडायला हवी. ॲरो-३, थाड, नवं पेट्रियट यांच्यात स्फोटाने पाडण्यापेक्षा सरळ जाऊन धडकण्यावर भर आहे. चुकामूक काही मीटरची झाली तरी काम फसलं.

हे होतं हीच खरं तर आश्चर्याची गोष्ट आहे. होतच नाही असं म्हणणारे चुकीचे आहेत. पण 'किती वेळा होतं' हे सांगणारा आकडा मात्र जपून घ्यावा लागतो.

टक्के कशाचे?

एक काल्पनिक रात्र घेऊ. शत्रूने २०० बॅलिस्टिक क्षेपणास्त्रं सोडली. त्यातली २० उडतानाच किंवा वाटेत बिघडून पडली. ४० उजाड वाळवंटाकडे चाललीयेत असं रडारने ओळखलं, म्हणून त्यांच्यावर काही सोडलंच नाही. उगाच महागडी इंटरसेप्टर कशाला वाया घालवा? उरली १४०. त्यातली १२० पाडली, २० शहरांवर आणि तळांवर आदळली.

आता यशाचे टक्के काढा. ज्यांच्यावर नेम धरला त्यांतली किती पाडली? ८६ टक्के. सुटलेल्यांपैकी किती पाडली? ६० टक्के. सुटलेल्यांपैकी कितींनी नुकसान केलं नाही? ९० टक्के. आणि त्याच रात्री शत्रूने १०० संथ ड्रोनही सोडले असतील आणि ते सगळे पाडले असतील, तर तेही बेरजेत घालून ९३ टक्के. रात्र एकच, आकडे चार, आणि चारही खरे! पत्रकार परिषदेत कुठला येईल ते तुम्हीच सांगा.

एप्रिल २०२४ मध्ये साधारण हेच झालं होतं. तीनशेहून जास्त वस्तूंपैकी १७० च्या आसपास ड्रोन होते. हायवेवर सुसाट सुटलेल्या गाडीपेक्षा थोडे वेगात, तासन् तास उडत येणारे. तीसेक क्रूझ क्षेपणास्त्रं होती, तीही विमानासारखी खालून येणारी. इस्रायलबरोबर अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, जॉर्डन यांनीही पाडापाडीत हातभार लावला, आणि यातलं बरंचसं लढाऊ विमानांनी वाटेतच उडवलं. बॅलिस्टिक क्षेपणास्त्रं होती सुमारे १२०. आणि त्यातली निम्म्याच्या आसपास सुटतानाच फसली किंवा मध्येच पडली, असं अमेरिकी अधिकाऱ्यांनी नंतर माध्यमांना सांगितलं. म्हणजे खरी कठीण परीक्षा ज्या क्षेपणास्त्रांची होती, ती ९९ च्या हिशेबात एक लहानसा वाटा होती. त्यातलीही काही नेवातिमवर पडलीच.

ऑक्टोबरमध्ये ड्रोन नव्हते. सगळी १८० ते २०० बॅलिस्टिकच. बेरजेत मिसळायला सोपं काही नव्हतं, म्हणून चित्र वेगळं दिसलं. शिवाय हवाई तळावर पडणाऱ्या सगळ्यांच्या मागे धावायचं नाही, शहरं आधी वाचवायची, असाही हिशेब केला असावा असं अनेक जाणकार म्हणाले. मला ते पटतं. धावपट्टीवरचा खड्डा दोन दिवसांत बुजवता येतो.

जाता जाता, कोकणातून इस्रायलला गेलेली आपली बेने इस्रायली मंडळी दिमोना, बीरशेबा, अश्दोद या भागात मोठ्या संख्येने राहतात. नेवातिमचा तळ त्याच पट्ट्यात आहे. त्या रात्री सायरन वाजल्यावर मराठी बोलणारी माणसंही आश्रयाच्या खोलीत बसली होती.

१९९१: आधी ४२ पैकी ४१, मग…

हा टक्क्यांचा खेळ नवा नाही. याची सगळ्यात चांगली केस १९९१ च्या आखाती युद्धातली आहे, आणि ती नीट सांगतो, कारण माझ्या मते त्यात सगळं येतं.

इराक तेव्हा सौदी अरेबिया आणि इस्रायलवर स्कड क्षेपणास्त्रं सोडत होता. ती पाडायला अमेरिकेने पेट्रियट आणली. रात्रीच्या आकाशात पेट्रियट वर जातंय, मोठा लखलखाट होतोय, हे सगळं टीव्हीवर थेट दिसत होतं. १५ फेब्रुवारी १९९१ ला राष्ट्राध्यक्ष बुश, म्हणजे थोरले बुश, पेट्रियट बनवणाऱ्या रेथिऑनच्या मॅसॅच्युसेट्समधल्या कारखान्यात गेले आणि त्यांनी आकडा सांगितला: ४२ स्कडपैकी ४१ पाडली. म्हणजे ९८ टक्के!

युद्ध संपलं. लष्कराने आकडा खाली आणला: सौदीत ८० टक्के, इस्रायलमध्ये ५०. मग आणखी खाली: ७० आणि ४०. एमआयटीचे प्राध्यापक थिओडोर पोस्टल यांनी टीव्हीवरचे व्हिडिओ एकेक फ्रेम करून तपासले आणि सांगितलं की खरं यश १० टक्क्यांच्याही खाली, कदाचित शून्याच्या जवळ. लष्कराला आणि कंपनीला ते मान्य नव्हतं, खूप वाजलं. अमेरिकी संसदेची हिशेब तपासणारी संस्था, आपल्या कॅगसारखी, जनरल अकाउंटिंग ऑफिस, तिने १९९२ मध्ये सांगितलं की स्कडचं वॉरहेड नष्ट झाल्याचा भक्कम पुरावा फक्त ९ टक्के वेळा आहे. इथे नीट ऐका: उरलेल्या ९१ टक्के वेळा नेम चुकला असं ती म्हणत नव्हती. पुरावा नव्हता, एवढंच. पण ९८ पासून ९ पर्यंतचा प्रवास बघा.

एवढी तफावत का? इराकने स्कडची टाकी वाढवून पल्ला वाढवला होता. जुगाडच म्हणा. ती क्षेपणास्त्रं वातावरणात परत शिरताना तुटायची. टाकी एकीकडे, शेपूट दुसरीकडे, वॉरहेड तिसरीकडे गिरक्या घेत. तेव्हाचं पेट्रियट जवळ जाऊन फुटायचं आणि तुकड्यांचा मारा करायचं. टाकीला तुकडे लागले, लखलखाट झाला, टीव्हीवर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि वॉरहेड शांतपणे खाली जाऊन फुटलं. हे 'पाडलं' मध्ये धरायचं की नाही? क्षेपणास्त्राला गाठलं हे खरं. पण खाली राहणाऱ्याच्या दृष्टीने काय फरक पडला?

आणि मग २५ फेब्रुवारी १९९१. सौदीतलं धहरान. रात्री एक स्कड अमेरिकी सैनिकांच्या बराकीवर येऊन पडलं. २८ जण ठार, शंभरच्या आसपास जखमी. त्यातले १३ जण पेनसिल्व्हेनियातून आलेल्या एका छोट्या राखीव तुकडीचे होते. त्यांचं काम होतं पाणी शुद्ध करण्याचं. या वेळी पेट्रियट चुकलं नाही. ते सुटलंच नाही.

का, ते ऐका, कारण तुमच्यातले बरेच जण कोडिंग करतात. पेट्रियटचा संगणक वेळ दशांश सेकंदात मोजायचा. आता एक-दशांश ही संख्या बायनरीत पूर्ण लिहिताच येत नाही. आपण एक-तृतीयांश ०.३३३ असं लिहित राहतो आणि कुठेतरी थांबतो ना, तसंच. संगणकात जागा २४ बिटची, तिथे शेपूट कापलं जायचं. प्रत्येक दशांश सेकंदाला चूक एका सेकंदाच्या एक कोटीव्या भागाएवढी. कोण विचारतो? पण ती साचत जाते. धहरानची बॅटरी शंभर तासांहून जास्त काळ न थांबता चालू होती. शंभर तासांत चूक झाली ०.३४ सेकंद. स्कड सेकंदाला सुमारे १,६७६ मीटर वेगाने येतंय. म्हणजे 'ते आता इथे असायला हवं' म्हणून रडार जिथे बघत होतं ती जागा अर्ध्या किलोमीटरहून जास्त सरकली होती. तिथे काहीच दिसलं नाही. संगणकाने ठरवलं, चुकीची खूण होती, सोडून द्या.

इस्रायली लोकांना ही गडबड दोन आठवडे आधी सापडली होती. ११ फेब्रुवारीला त्यांनी अमेरिकेला कळवलंही होतं. १६ तारखेला दुरुस्त सॉफ्टवेअर तयार झालं. २१ तारखेला तळांना संदेश गेला की यंत्रणा फार वेळ सलग चालवली तर अडचण येऊ शकते. 'फार वेळ' म्हणजे किती तास, ते लिहिलं नव्हतं. उपाय होता यंत्रणा बंद करून परत चालू करणं. एक-दीड मिनिटाचं काम. नवं सॉफ्टवेअर धहरानला पोचलं २६ फेब्रुवारीला. दुसऱ्या दिवशी.

दोन सोडली की काम फत्ते?

कॉलेजच्या गणितात शिकलोय आपण: एका इंटरसेप्टरची शक्यता ८० टक्के असेल तर एकावर दोन सोडा, दोन्ही चुकण्याची शक्यता फक्त ४ टक्के. म्हणजे ९६ टक्के यश. यंत्रणा विकणारे हे गणित आवडीने सांगतात.

पण हे गणित तेव्हाच खरं, जेव्हा दोन चुका एकमेकांपासून स्वतंत्र असतील. धहरानला दहा पेट्रियट ठेवली असती तरी उपयोग नव्हता, कारण घड्याळ सगळ्यांचं एकच होतं. हुलकावणी देणाऱ्या खोट्या वस्तूंचंही तसंच. रडार एकदा फसलं की दोन्ही इंटरसेप्टर एकाच चुकीच्या गोष्टीमागे जातात.

समोरचाही गप्प बसत नाही. मे २०२३ मध्ये युक्रेनने पेट्रियट वापरून रशियाचं किंझाल पाडलं, तेव्हा 'अजिंक्य' म्हणवलेल्या क्षेपणास्त्राची जगभर थट्टा झाली. २०२५ मध्ये त्याच युक्रेनकडून बातम्या यायला लागल्या की रशियन बॅलिस्टिक क्षेपणास्त्रं शेवटच्या टप्प्यात वळणं घेतायत आणि पाडणं खूप अवघड झालंय. पेट्रियट तेच आहे, आकडा खाली आला. म्हणून 'पेट्रियटची अचूकता किती' या प्रश्नाला एक कायमचं उत्तर नसतं.

आणि एकावर दोन सोडायची तर साठा दुप्पट वेगाने संपतो. जून २०२५ च्या बारा दिवसांत इराणने पाचशेहून जास्त बॅलिस्टिक क्षेपणास्त्रं सोडली. इस्रायलने ८५ टक्क्यांच्या आसपास यश सांगितलं. ते खरं धरलं तरी जी सुटून आली ती बीरशेबाच्या सोरोका रुग्णालयावर, रेहोवोतच्या वाइझमन संस्थेवर, राहत्या इमारतींवर पडली. तेवढ्या दिवसांत अमेरिकेने शंभराहून जास्त थाड इंटरसेप्टर वापरल्याचं तिथल्या माध्यमांनी सांगितलं. एकाची किंमत आपल्या पैशात शंभर कोटींच्या वर. आणि अलीकडच्या काही वर्षांत अमेरिका ती वर्षाला विकत घेत होती डझनभर! पैसा एक वेळ उभा करता येईल, पण कारखान्याचा वेग रातोरात वाढत नाही. त्यामुळे लढाई लांबली की प्रश्न 'पाडता येतं का' हा राहत नाही, 'पाडायला शिल्लक किती आहेत' हा होतो.

त्याच जून महिन्यात कतारमधल्या अल उदैद या अमेरिकी तळावर इराणने १४ क्षेपणास्त्रं सोडली. दोहातल्या आपल्या मराठी मंडळींनी बाल्कनीतून व्हिडिओ काढले होते, आठवत असेल. ट्रम्प म्हणाले १३ पाडली, एक धोक्याचं नव्हतं म्हणून सोडून दिलं. काही आठवड्यांनी उपग्रहाचे फोटो आले तेव्हा तळावरचा संपर्कयंत्रणेचा मोठा पांढरा घुमट जागेवर नव्हता, आणि एक क्षेपणास्त्र तळावर पडल्याचं पेंटॅगॉनने मान्य केलं.

खाली राहणारे

९९ टक्क्यांच्या त्या एप्रिलच्या रात्री इस्रायलमध्ये गंभीर जखमी झाली ती सात वर्षांची एक बेदुइन मुलगी. नेगेव वाळवंटातल्या अशा वस्तीत ती राहते जिथे आश्रयाची खोली नाही. आकाशातून पडलेला धातूचा तुकडा छतातून आत आला. ऑक्टोबरच्या रात्री वेस्ट बँकमधल्या जेरिकोत गाझाहून आलेला एक पॅलेस्टिनी माणूस खाली पडलेल्या अवशेषांखाली मेला. पाडलेलं क्षेपणास्त्र हवेत विरून जात नाही. शेकडो किलोचं लोखंड कुठेतरी पडतंच.

उलट जूनमध्ये इतकी क्षेपणास्त्रं सुटूनही इस्रायलमधल्या मृतांचा आकडा तीसच्या आसपास राहिला, याचं श्रेय मी अर्धं इंटरसेप्टरना देईन आणि अर्धं काँक्रीटच्या खोल्या आणि फोनवर आधीच वाजणाऱ्या इशाऱ्याला. काँक्रीटच्या खोलीचे व्हायरल व्हिडिओ होत नाहीत.

हे सगळं साध्या स्फोटकांबद्दल चाललंय, हे विसरू नका. १०० पैकी ९० पाडली तर शहर उभं राहतं, माणसं कामाला लागतात. त्या उरलेल्या दहांवर अणुबॉम्ब असेल तर ९० टक्क्यांना काही अर्थच उरत नाही.

आपल्याकडे काय?

हा प्रश्न मे २०२५ नंतर सगळ्यात जास्त आला. डीआरडीओने नोव्हेंबर २००६ मध्ये पहिल्यांदा पृथ्वी क्षेपणास्त्र सुमारे ५० किलोमीटर उंचीवर पाडून दाखवलं. त्यानंतर बऱ्याच चाचण्या झाल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये एडी-१ या नव्या इंटरसेप्टरची, जुलै २०२४ मध्ये दुसऱ्या टप्प्याच्या यंत्रणेची. रशियाकडून २०१८ च्या कराराने घेतलेली एस-४०० आहे, पण तिचा मुख्य जोर विमानं आणि क्रूझ क्षेपणास्त्रांवर, बॅलिस्टिकविरुद्ध तिची ताकद मर्यादित.

चाचणी आणि युद्ध यांत फरक आहे. चाचणीत लक्ष्य आपलंच असतं, ते आज, साधारण या दिशेने येणार हे माहीत असतं, आणि एकच असतं. अमेरिकेची अलास्का आणि कॅलिफोर्नियात ठेवलेली इंटरसेप्टर अशा ठरवून केलेल्या चाचण्यांतही निम्म्याहून थोड्या जास्त वेळाच यशस्वी झालीयेत. त्यामुळे 'आपली यंत्रणा इतके टक्के अचूक' असं कोणी सांगितलं तर तो आकडा युद्धातला नाही, हे धरून चाला.

शिवाय अंतराचं बघा. इस्रायलला इराणपासून दहा-बारा मिनिटं मिळतात. लाहोर ते दिल्ली चारशे-सव्वाचारशे किलोमीटर. तेवढं अंतर बॅलिस्टिक क्षेपणास्त्र पाचेक मिनिटांत कापतं. त्या पाच मिनिटांत ते ओळखायचं, कुठे पडणार ते काढायचं, इंटरसेप्टर सोडायचं, आणि खाली लोकांना सांगायचं. ७ मे २०२५ ला देशभर मॉक ड्रिल झालं, महाराष्ट्रातही सायरन वाजले. तुमच्याकडे वाजला होता का? आणि वाजल्यावर तुमच्या बिल्डिंगमधले लोक नक्की कुठे गेले? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो.